मेणावरची बुरशी

“घरात कबुतरं येतात? पोपट वगैरे पाळलाय?” डॉक्टरांनी विचारलं.

“नाही,” ती म्हणाली.

“बुरशी धरलेलं जुनं सामान? पुस्तकं, गाद्या, खोकी, काहीही. यांच्या फुप्फुसांना सूज आहे ती अशाच बारीक धुळीनं येते. वर्षानुवर्षं श्वासातून आत जात राहते. ती धूळ बंद झाली नाही, तर माझी औषधं फार दिवस पुरी पडणार नाहीत.”

घरातल्या पुठ्ठ्याच्या तीनशे जुन्या डब्या तिच्या डोळ्यांपुढे उभ्या राहिल्या. शेजारच्या खुर्चीत नवरा दम खात बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून.

“नाही हो,” ती म्हणाली. “आमचं घर अगदी कोरडं ठणठणीत आहे.”

नवऱ्यानं एकदा तिच्याकडे पाहिलं.

तिनं एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती. दिवसभर कानावरून आवाज जायचे. कोणाचं लग्न ठरायचं, कोणाचा बाप जायचा. त्यातला एकही आवाज तिच्यासाठी नसायचा आणि एकही थांबायचा नाही. मग एकदा भंगारवाल्याकडे तिला चावीचा फोनोग्राफ दिसला. मेणाच्या नळकांड्यावर सुई टेकली आणि कधीच मरून गेलेली कुणी बाई खाकरून गाऊ लागली. ती तिथेच खिळून उभी राहिली.

आता घरात एक्केचाळीस फोनोग्राफ होते. दोन्ही खोल्यांत छतापर्यंत फळ्या होत्या, फळ्यांवर पितळी कर्णे. पाहुणा आला तर त्याला बसवण्याआधी एखादा कर्णा उचलावा लागे. “आमच्याकडे यंत्रं राहतात, आम्ही पाहुणे,” असं नवरा हसून सांगायचा. खालच्या फळ्यांवर नळकांड्यांच्या गोल पुठ्ठ्याच्या डब्या होत्या. आत कापसाचं अस्तर. त्या कापसात शंभर वर्षांची ओल मुरली होती आणि मेणावर पांढरी बुरशी चढायची. ती काढायचं काम नवऱ्याचं. तो शिंपी. हात हलका. रोज दुपारी खिडकीशी बसून तो मऊ ब्रशानं एकेक नळकांडं झटकायचा. पांढरी भुकटी उन्हात तरंगायची. तिला ते बघायला फार आवडायचं.

दवाखान्यातून आल्यावर तिनं खिडक्या सताड उघडल्या. डब्यांवर जुनी चादर टाकली. दुपारी त्यानं ब्रश हातात घेतला तेव्हा ती म्हणाली, “अहो, राहू द्या. मी करते.”

“असू दे गं. हाताला काम असलं की बरं वाटतं.”

तिनं फार ताणून धरलं नाही. डॉक्टरांची खात्री थोडीच होती? थंडी सरली की बघू. निदान डब्या तेवढ्या हलवू. पण डब्या हलवायच्या तर नळकांडी उघडी पडणार, आणि नळकांडी नसली तर ती एक्केचाळीस यंत्रं मुकी. आज करू, उद्या करू म्हणता म्हणता तीन महिने गेले. त्याचा खोकला कोरडा होता, आखूड. दुपारी ब्रशाचा आवाज आणि खोकला एकाआड एक ऐकू येत. मग ती फोनोग्राफला चावी देई.

मध्ये त्याची थोरली बहीण त्याला पंधरा दिवस आपल्याकडे घेऊन गेली. परत सोडायला आली तेव्हा तो चार जिने स्वतःच्या पायांनी चढला, पिशवी हातात घेऊन.

“माझ्याकडे आठव्या दिवशी खोकला थांबला याचा,” नणंद दारातच म्हणाली. तिनं छतापर्यंतच्या फळ्यांवरून नजर फिरवली. “तुमच्या या घरात आहे तरी काय?”

“हवापालट झाला ना, ताई,” ती म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.

तो परत आल्याच्या पाचव्या दिवशी ती भाजी घेऊन येत होती. दुसऱ्या जिन्यावर तो पायरीवर बसलेला दिसला. ओठ जांभळे पडले होते. श्वास घेताना गळ्याच्या शिरा ताणल्या जात होत्या.

“तू हो पुढे,” तो म्हणाला. “मी येतोच.”

ती पुढे झाली नाही. त्याला धरून पायरी-पायरीनं वर आणलं, शेजारणीला त्याच्याजवळ बसवलं. मग तिनं फळीवरची एक डबी काढली, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळली आणि तडक दवाखाना गाठला. वाटेत तिचं ठरलं होतं. आजच्या आज सगळं घराबाहेर. यंत्रं, नळकांडी, फळ्यासुद्धा. इतकं सोपं होतं हे, आणि आपण तीन महिने घालवले! तिला रडू येत होतं आणि हलकंही वाटत होतं.

डॉक्टरांनी डबीचं झाकण उघडलं आणि लगेच लावलं.

“ही अजून घरात आहे?”

“अजून म्हणजे?”

“तुम्ही दोघं पहिल्यांदा आलात, त्याच्या दुसऱ्याच दिवशी ते अशीच डबी घेऊन आले होते. मी बजावलं, हे सगळं ताबडतोब बाहेर काढा. काढतो म्हणाले. मला वाटलं, केव्हाच काढलं असेल.” डॉक्टरांनी डबी पिशवीत गुंडाळून बाजूला सारली. “फक्त बायकोच्या कानावर घालू नका, असं हात जोडून सांगून गेले.”

“का?” तिनं विचारलं.

“मीही विचारलं, का म्हणून. तर म्हणाले, ‘माझं दुखणं या डब्यांमुळे आहे हे तिला ठाऊक नाही, एवढ्या एका आधारावर मी त्या घरात राहतोय.’”