नमुन्याचा फोटो

पडद्यावर फोटो आला आणि सभागृहात टाळ्या पडल्या. नाझनीनची मान आपोआप ताठ झाली. चौदा तालुक्यांतल्या संस्थांची माणसं अनुदानाचं काम शिकायला जमली होती, आणि पुण्याहून आलेल्या राम सरांनी नमुना म्हणून निवडला तो तिचा फोटो. पहाटेची एसटी पकडून नगरला आल्याचं सार्थक झालं.

"फोटो असा हवा," राम सर म्हणाले. "पीडित महिला आणि अनुदानातून घेतलेलं मशीन, दोन्ही एकत्र. आणि चेहरा? ओळखता येतो का कुणाला?"

"नाही!" सगळं सभागृह शाळेतल्या पोरांसारखं ओरडलं.

येईल कसा? परवा संध्याकाळी तो चेहरा पुसट करायला नाझनीनने अर्धा तास घातला होता. शिलाई मशीनवर बसलेली ती ज्ञानेश्वरी. तिच्या नवऱ्याने, अंगदने, तापलेलं उलथणं तिच्या गळ्याला लावलं होतं. हा अंगद ऊसतोडीचा मुकादम, गावोगाव त्याची माणसं. जामिनावर सुटल्यापासून तो पाथर्डी तालुक्यातलं एकेक घर पालथं घालत होता, कारण सोमवारी कोर्टात ज्ञानेश्वरीची साक्ष होती. नाझनीनच्या संस्थेने तिला कुठे लपवलंय, याचा त्याला अजून पत्ता नव्हता.

अनुदानाच्या पोर्टलवरचा फॉर्म भरून फोटो चढवण्याआधी नाझनीनने तो तिलाही दाखवला होता. "बघ, तुझी तुला तरी ओळख पटते का?" ज्ञानेश्वरीने मोबाईल हातात घेतला आणि बराच वेळ सोडलाच नाही. मग म्हणाली, "चांगलाय, ताई." बिचारी लाजली, असं नाझनीनला वाटलं.

"आता खाली बघा." राम सरांनी लाल उजेडाचा ठिपका फोटोच्या तळाशी नेला. "जिओटॅग! तारीख, वेळ, नकाशा, पत्ता. एक अक्षर कमी नाही."

ठिपक्याबरोबर नाझनीनची नजर खाली गेली. देवळाली प्रवरा. पुढे गल्लीचं नाव. शेजारी चिमुकला नकाशा, आणि लाल खूण बरोब्बर तिला लपवलेल्या घरावर. या अल्ला! अर्धा तास चेहरा झाकत बसले आणि घर उघडं टाकलं! प्रत्येक फोटोखाली ती पट्टी असायचीच. रोजची म्हणून तिकडे तिचं लक्षच जात नव्हतं.

ती उठून उभी राहिली. "सर, तो फोटो काढा."

"लाजताय काय ताई? कौतुक करतोय तुमचं."

"सर, त्यात घराचा पत्ता आहे. तिचा नवरा तिला शोधतोय."

"पत्ता असायलाच हवा. पत्ता नसेल तर पोर्टल फोटो घेत नाही, आणि फोटो नसेल तर पुढचा हप्ता नाही. शंका चहानंतर." राम सर सभागृहाकडे वळले. "कुणी लिहून घेऊ नका. सकाळीच सगळं ग्रुपवर टाकलंय. घरी जाऊन निवांत बघा."

नाझनीन खाली बसली. ग्रुपवर दोनशे माणसं. पुढच्याच रांगेत पाथर्डीची मंडळी. त्यातल्या एकानेही सकाळीच सहज म्हणून हा फोटो पुढे पाठवला असेल, तर अंगदला जीप काढायला किती वेळ लागणार? आधी फोन करायला हवा होता. पण रिंगा वाजतात म्हणून राम सरांनी सकाळीच सगळ्यांचे मोबाईल बंद करून टेबलावरच्या टोपलीत ठेवायला लावले होते. पाच वाजता हजेरीची सही करायची आणि मोबाईल न्यायचा. दाराला खुर्ची लावून शिपाई बसला होता. घड्याळात पावणेबारा. पाचपर्यंत ज्ञानेश्वरीचं काय होईल, याचा विचारसुद्धा तिला सोसवेना.

सही चुकली तर हप्ता अडकणार, हे तिला ठाऊक होतं. त्या हप्त्यावर आश्रयाला आलेल्या सहा बायकांची चूल पेटत होती. ती दोन मिनिटं तशीच तळमळत बसली. मग तरातरा पुढे गेली आणि टोपली उपसू लागली.

"अहो, सही न करता गेलात तर गैरहजेरी लागेल!" राम सर ओरडले.

"लागू दे," ती म्हणाली. तिने आपला मोबाईल काढला, शिपायाची खुर्ची बाजूला सारली आणि व्हरांड्यात आली. मोबाईल सुरू करून तिने नंबर लावला. आश्रयाच्या घरात स्वयंपाक करणाऱ्या भागूबाईंनी फोन घेतला.

"भागूबाई, आधी दाराला कडी लावा. ज्ञानेश्वरीला फोन द्या."

"आवो, कवाधरनं लावतेय, तुमचा फोन बंद. ती न्हाई इथं."

"कोण आलं होतं? अंगद?" नाझनीनने विचारलं.

"न्हाई वो, कोनीबी न्हाई. सकाळी तुमी येष्टीला गेलात अन् ती पिशवी घिऊन निघाली. त्या फोटूखालचं तिनं परवाच वाचलं म्हनं. म्या लई अडवलं, पन आईकंना. सोमवारी कोर्टात येते म्हनली, नक्की."

नाझनीन तिथेच पायरीवर बसली. डोळ्यांना धार लागली. सुटली पोर! आत पुन्हा टाळ्या पडल्या. तिने ओढणीने तोंड पुसलं.

"गेलीय कुठे? सांगा, मी अशीच गाडी करून जाते तिच्याकडे."

"म्यापन तेच इचारलं," भागूबाई म्हणाल्या. मग चाचरत बोलल्या, "तर म्हनली, ताईंना तर अजाबात कळू द्यायचं न्हाई. ताई लई मायाळू हायेत, पन त्यांना फारम भरावं लागतंय."