ओ निगेटिव्ह, राहणार स्फाक्स

शोध अजून चालूच होता. रक्तपेढीचा संगणक सांभाळणाऱ्या दोर्राने स्क्रीनकडे पाहिलं, मग खिडकीबाहेरच्या उतरत्या उन्हाकडे. एरवी चहा कपात ओतेपर्यंत हजर होणारी रक्तदात्यांची यादी आज यायचं नाव घेत नव्हती, आणि रोजा सोडायची, मगरिबची अजान जवळ आली होती.

रमजानमध्ये रक्तपेढीचं गणितच वेगळं असतं. रोजा धरलेला माणूस दिवसा रक्त देत नाही, तो रोजा सोडल्यावर येतो. पण त्याला गाठायचं ते अजानच्या आधी, कारण एकदा का गाव सूपाच्या वाडग्यावर बसलं की तासभर कुणी फोनला हात लावत नाही. यादी हवी होती ती आत्ता.

"पोरी, होतंय का गं?" दारात शेद्ली उभा होता. रक्तपेढीतला सगळ्यांत जुना कारकून. त्याची मुलगी इन्साफ समोरच्या इस्पितळात सकाळी बाळंत झाली होती. बाळ छान होतं, पण तिचा रक्तस्राव थांबत नव्हता. पेढीतल्या ओ निगेटिव्हच्या शेवटच्या पिशव्या केव्हाच तिकडे गेल्या होत्या आणि डॉक्टर आणखी मागत होते.

"बघतेय, सी शेद्ली. तुम्ही जरा बसा." वडीलधाऱ्यांना तिथे आदराने 'सी' म्हणत.

"बसून काय करू? तुझी ही म्हातारी माझ्याहूनही हळू चालते," असं पुटपुटत तो बाहेरच्या हॉलमध्ये गेला.

म्हातारी म्हणजे कोपऱ्यात घुरघुरणारा, फ्रिजएवढा काळा संगणक. पेढीची सगळी नावं त्याच्या पोटात होती. दोर्राने एकेक तपासायला घेतलं. डिस्कवर जागा होती, नावं पटकन सापडावीत म्हणून केलेले इंडेक्स जागच्या जागी होते. शेद्लीने आज शोधात 'राहणार स्फाक्स' ही आपल्या शहराची अट जादा घातली होती, लांबची माणसं उगाच यादीत नकोत म्हणून. त्या अटीसाठी इंडेक्स नव्हता, म्हणून संगणक पहिल्या नावापासून शेवटच्या नावापर्यंत सगळं वाचत बसला होता. ठीक आहे, उशीर होईल. पण इतका?

तिने संगणकावर चालू असलेल्या कामांची यादी उघडली. पानभर एकच शोध होता. ओ निगेटिव्ह, राहणार स्फाक्स. आणि प्रत्येकासमोर एकच नाव, शेद्ली. तिने पान पुढे सरकवलं. तिथेही शेद्ली.

ती उठून हॉलमध्ये गेली. घरी स्वयंपाक करायचा म्हणून बाकीची मंडळी लवकर निघून गेली होती. रिकाम्या टेबलांमधून शेद्ली फिरत होता. एका टेबलावर वाकला, शोध टाकला, एंटर दाबलं, जरा थांबला, वैतागून पडद्यावरची खिडकी बंद केली आणि पुढच्या टेबलाकडे वळला. खिडकी बंद केली की काम थांबतं असं त्याला वाटत होतं. थांबत काही नव्हतं. प्रत्येक टेबलावरून नवा शोध पहिल्या नावापासून सुरू होत होता आणि आधीच्या शोधांच्या तोंडचा घास काढून घेत होता. लेकीसाठी जीव टाकणारा बापच लेकीची वाट अडवून उभा होता. दोर्राला त्याचा राग आला आणि दयाही.

"हात काढा, सी शेद्ली!"

"अगं, हे टेबल जरा बरं चालतंय असं वाटलं—"

"कुठल्याच टेबलाला हात लावायचा नाही. तुम्हाला इन्साफची शपथ आहे."

तो तिच्यामागे आत आला. दोर्रा आपल्या पडद्यावरून एकेक शोध मारून बंद करू लागली. सगळ्यांत जुनं तेवढं ठेवायचं होतं, कारण त्याचीच बरीचशी नावं वाचून झाली होती. चुकून ते मेलं तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. दर वेळी बटण दाबण्याआधी ती शोध सुरू झाल्याची वेळ दोनदा वाचत होती.

तिच्या खांद्यावरून शेद्लीही वाचत होता. "सगळीकडे माझंच नाव आहे," तो म्हणाला.

"हो."

संगणकाची घुरघुर कमी झाली. दोघं पडद्याकडे बघत राहिले. शेद्लीने हात काखेत दाबून धरले होते.

यादी उमटली ती जेमतेम अर्धं पान. आणि ती छापून हातात येते न येते तोच मशिदीतून अजान सुरू झाली.

तरी शेद्लीने फोन उचलला. पहिला नंबर नुसताच वाजत राहिला. दुसराही. तिसरा बंद होता. दोर्रा दुसऱ्या फोनवर यादीच्या खालच्या टोकाकडून लावत होती, तिकडेही तेच. शेद्लीने पुढचा नंबर फिरवला. बराच वेळ वाजल्यावर कुणीतरी उचलला, तोंडात घास होता.

"या वेळेला फोन? कोण गेलं?"

"अजून कोणी नाही," शेद्ली म्हणाला, आणि मग त्याने भराभर सगळं सांगितलं. पेढी, रक्तगट, समोरचं इस्पितळ. मुलगी आपली आहे हेही सांगून टाकलं.

"अरे देवा! हा निघालोच मी. अजून नुसता खजूर तोंडात टाकलाय. गाडी दारातच आहे."

शेद्ली ताडकन उभा राहिला. उपाशीपोटी आलेल्या माणसाचं रक्त घेत नाहीत. उभी नोकरी त्याने याच कारणासाठी माणसं दारातून परत पाठवली होती. दोर्रा फोन कानाला तसाच धरून त्याच्याकडे बघत होती.

"हॅलो? निघू ना मी?"

"नको," शेद्ली म्हणाला. "आधी जेवा. पोटभर जेवा, भाऊ. सावकाश."