पहिलवान कुणाच्या दावणीला

घरावर पक्के पत्रे, मिस्त्रीची मजुरी बुडीत आणि पहिलवान दावणीला तसाच. संपतरावांनी नफा असा मांडला होता. तोटा त्यांना शोधूनही सापडत नव्हता.

पहिलवान म्हणजे त्यांचा बोकड. वारंगा फाट्याच्या आसपास तसा दुसरा नव्हता, आणि संपतरावांच्या मते तसा मालकही दुसरा नव्हता.

चैतातल्या वावधानानं त्यांच्या घराचे निम्मे पत्रे उचलले आणि बाभळींवर नेऊन टांगले. त्या छपरानं आजवर हूक पाहिला नव्हता. पत्र्यांवर काळे दगड ठेवले की झालं. "दगडाला पगार लागत न्हाई," संपतराव म्हणत.

या खेपेला चंद्रभागाबाई कंबर कसून उभ्या राहिल्या. "मिस्त्री आना, न्हाईतर मी चालले लेकीकडं कळमनुरीला. डोक्यावर घमेलं घेऊन सैपाक होत नसतो."

म्हणून फाट्यावरचा नासेर मिस्त्री आला. वर चढला, वासे हलवून पाहिले, खाली उतरला. पण बोलताना त्याची नजर छपरावर नव्हती, पहिलवानावर होती.

"मामा, ईद आली. सामान माझं, मेहनत माझी. पहिलवान द्या."

संपतरावांनी छातीवर हात ठेवला. "लेकरासारखा वाढवला मिस्त्री त्याला!"

"देऊन टाका!" आतून चंद्रभागाबाई ओरडल्या. "माझ्या इरकलीचा पदर खाल्ला त्यानं. अजून रवंथ करून राहिलाय."

संपतरावांनी जरा वेळ दाढी खाजवली. मग डोळे बारीक केले. "देतो. पन आधी वावधान येऊ द्या. ईदेच्या आत एक तरी येतंयच. त्यात एक जरी पत्रा उडला, तर बोकड माझा अन् तुमची मजुरी वाऱ्यावर."

"आन् न्हाई उडला तर?"

"माझ्या हातानं दावं सोडून तुमच्या हातात देतो."

"बराबर," नासेर हसला. "माझ्या हुकाचा पत्रा उडला तर मी फाट्यावर तोंड न्हाई दाखवनार."

काम झालं. वाशाला हूक, वर रबराचं वायसर, त्यावर घट्ट नट. जुने दगड नासेरनं मागच्या भिंतीशी रचले. "फेकू का, मामा?"

"ऱ्हाऊ द्या. फुकटची वस्तू फेकू नये मानसानं."

त्यानंतर संपतराव आभाळाकडं बघत राहिले आणि पहिलवान खात राहिला.

एका दुपारी मावळतीला काळं भरून आलं. चंद्रभागाबाई पाण्याला गेल्या होत्या. संपतरावांनी बाजारातून आणलेला पाना कमरेला खोचला, शिडी लावली आणि मागच्या कोपऱ्यातला पत्रा निवडला. त्याच्या खाली रिकामी पडवी, पलीकडं उकिरडा. उडाला तरी कुणाच्या डोक्यात जायचा नाही. त्यांनी त्याचे सगळे नट सोडले. तेवढ्यात अंगणात घागर वाजली, तसे ते घाईनं उतरले.

"वर काय करून राहिले होते?"

"मिस्त्रीचं काम बघून राहिलो होतो. आजकाल भरवसा कोनाचा धरावा?"

"त्ये बी खरंच," चंद्रभागाबाई म्हणाल्या, आणि त्यांनीही आभाळाकडं पाहिलं.

संपतराव जळबाच्या हाटेलात जाऊन बसले. बऱ्याच वेळानं वावधान आलं. गारा पडल्या, लिंबाची फांदी मोडली, जळबाच्याच हाटेलाचा मंडप उडाला.

"मामा, घराकडं न्हाई जायचं?" जळबा बाकड्याखालून ओरडला.

"काहून? नासेर मिस्त्रीचे हूक हायती की!" संपतरावांनी आणखी एक भज्यांची प्लेट सांगितली.

वारा पडल्यावर ते घरी आले. दारात नासेरची टमटम उभी होती, आणि तिच्यात हिरवा चारासुद्धा टाकलेला होता.

"मोजा मामा," नासेर म्हणाला.

संपतरावांनी मोजलं नाही. ते सरळ मागं गेले. कोपऱ्यातला पत्रा जागेवर होता. त्यांनी डोळे चोळले. पत्रा तरीही जागेवरच होता. भिंतीशी काहीतरी कमी वाटलं, पण काय ते ध्यानात येईना. ते शिडी चढले.

नट सोडलेल्या त्या एकाच पत्र्यावर त्यांचे जुने काळे दगड ओळीनं मांडलेले होते.

खाली चंद्रभागाबाई शिडी धरून उभ्या होत्या. "तुमीच म्हनले ना, भरवसा कोनाचा धरावा? म्हून ठिवले." मग आवाज उतरवून त्यांनी पदराखालून पाना काढला. "अन् हा वर राहिला व्हता तुमचा."

संपतरावांनी स्वतःच्या हातानं दावं सोडलं. पहिलवान मागं वळूनही न बघता टमटमीत चढला, आणि इतकी वर्षं फुकट राबलेल्या दगडांचा सगळा पगार त्या दिवशी एकदम चुकता झाला.