स्वतःच्या तोंडाने

बोलताना अडखळायची, म्हणून ती वर्गात तोंडच उघडत नसे. विद्यापीठभर तिचं नाव ‘मुकी’ पडलं होतं. तोंडी परीक्षेत तिने पहिलं उत्तर मोबाईलवर टाइप केलं आणि एआयचा आवाज ते खणखणीत वाचून दाखवू लागला.

परीक्षकांनी हात वर केला. “असले चोचले इथे चालणार नाहीत. स्वतःच्या तोंडाने बोल.”

तिने मोबाईल बंद केला, खुर्ची पुढे ओढली आणि सुरुवात केली. अर्धा तास झाला. बाहेरची रांग कुरकुरू लागली, तसा परीक्षकांनी घाम पुसला. “पुरे गं बाई! पैकीच्या पैकी देतो, जा.”



“न-नाही सर,” मुकी म्हणाली, “हे प-पहिलंच उत्तर चाललंय. अजून च-चार ऐकायचीत.”