सुटलेल्यांची यादी

इंग्लंडमधल्या वॉटफर्डच्या शाळेत वरदाच्या वर्गाचं नाटक होतं. सतराव्या शतकात उत्तर आफ्रिकेच्या चाच्यांनी धरून नेलेले इंग्रज खलाशी, आणि त्यांच्यासाठी समुद्रात झालेली लढाई. सात वर्षांची वरदा कॅप्टन होती. लढाई जिंकल्यावर तिने सुटलेल्या कैद्यांची नावं-गावं वाचायची आणि एकेकाने येऊन घरच्यांना भेटायचं.

"आई, पुढे बस, पण ओठ हलवू नकोस हं. मला हसू येतं," तिने बजावलं होतं.

पुढच्या रांगेत बहुतेक जण जोडीने आले होते. शेजारच्या खुर्चीवर मी माझा कोट ठेवला. परीक्षितचा व्हिसा दुसऱ्यांदा नाकारला, हे मी तिला अजून सांगितलं नव्हतं. "बाबांचं पुण्यात थोडं काम राहिलंय," एवढंच म्हणत आले होते.

कागदावर आठ नावं होती, मलाही पाठ झालेली. आठवा खलाशी आईच्या मिठीत गेला, टाळ्या सुरू झाल्या, तरी वरदाने कागद खाली केला नाही.

 

"परीक्षित फाटक, पुणे," तिने वाचलं, आणि खलाशी येत होते त्या दाराकडे बघत थांबली.