अकरावा उपाय

"हनुवटी बांधायची का?" मुलानं विचारलं.

"नको रे, घाम येतो," वडील म्हणाले आणि चादर अंगावर ओढून पुन्हा मेले.

खाली जिन्यात बर्फवाल्याची पावलं वाजत होती. शहरात बर्फाचा कारखाना एकच. उन्हाची लाट आल्यापासून त्याचा नियम कडक झाला होता. बर्फ मिळेल तो फक्त मयताच्या घरी. माणूस खांद्यावर लादी घेऊन येई, मयत स्वतःच्या डोळ्यांनी बघे, कागद भरून घेई आणि मगच लादी घरात सोडी.

बर्फ खरा हवा होता तो आतल्या खोलीत. तिथे मुलाची आई, म्हणजे सुनेच्या सासूबाई, तीन दिवस तापानं फणफणत पडल्या होत्या. डॉक्टर सकाळी येऊन सांगून गेले होते, "अंग संध्याकाळच्या आत थंड झालं पाहिजे. दवाखान्यात आणू नका, तिथे जमिनीवरही जागा उरली नाही."

घरात करायचं काही बाकी नव्हतं. 'उन्हाळ्यात थंड राहण्याचे अकरा सोपे उपाय' असा नगरपालिकेचा कागद भिंतीला चिकटवलेला होता. वडील, म्हणजे सुनेचे सासरे, निवृत्त हेडक्लार्क. एकेक उपाय पार पडला की ते त्यापुढे लाल शाईनं खूण करत, तारीख घालत आणि खाली सही ठोकत. खिडकीला ओली चादर, झालं. पाय पाण्याच्या बादलीत, झालं. सैल सुती कपडे, घोटघोट पाणी, दुपारी शेगडी बंद, सगळं झालं. सातवा उपाय होता 'मन शांत ठेवा'. तिथेही त्यांनी खूण केली होती, पण पेन्सिलीनं. अकरावा होता, 'कापडात गुंडाळलेला बर्फ मानेला व काखेत ठेवा.' त्यापुढची जागा तेवढी कोरी होती.

"मग मीच मरतो," न्याहारी करताना ते म्हणाले होते. "नाहीतरी दुपारी मला काही काम नसतं."

बेत चांगला होता. अडचण सुनेची होती. तिचा नेम होता, खोटं बोलायचं नाही. बारा वर्षं तिनं तो पाळला होता. शेजारीण "आमटी कशी झालीय?" म्हणून विचारायला आली तरीसुद्धा. म्हणून बोलायचं काम मुलाकडे दिलं होतं. पण दाराची कडी वाजली आणि त्याला हसू फुटलं. तोंडात टॉवेल कोंबून तो न्हाणीघरात पळाला. बाहेरून ते हुंदक्यांसारखंच ऐकू येत होतं.

दार सुनेनं उघडलं.

बर्फवाल्यानं लादी उंबऱ्याच्या आत टेकवली. कानामागचं पेन काढलं. "मयत कोणाचं?"

"हे माझे सासरे," सून हळूच म्हणाली.

"कधीपासून?"

"न्याहारी केली, चूळ भरली. तेव्हापासून असेच पडून आहेत."

"डॉक्टर?"

"सकाळीच येऊन गेले. लवकर थंड करा म्हणाले."

बर्फवाला लिहीत गेला. एक शब्द खोटा नव्हता. सुनेला स्वतःचंच नवल वाटायला लागलं.

एवढ्यात आतून क्षीण आवाज आला, "अहो, मेलात की काय? मला पाणी द्या ना!"

बर्फवाल्यानं मान हलवली. "बिचाऱ्या. त्यांचं मन मानत नाहीये."

चादरीखाली पोट एकदा गदगदलं. बर्फवाला तेव्हा नेमका कागदाची खालची घडी उलगडत होता. त्यानं कागद आणि पेन सुनेच्या हातात दिलं. "ताई, खाली सही करा."

सुनेनं शेवटची ओळ वाचली. 'वरील व्यक्ती मयत आहे, हे मी शपथेवर लिहून देत आहे.'

पेन कागदाला टेकलं आणि तिथेच थांबलं. लादीचं पाणी फरशीवरून ओघळत सुनेच्या पायाशी आलं. इतकं गार काही तिच्या पायाला महिनाभरात लागलं नव्हतं.

"ताई, आटपा. लादी विरघळतेय."

आत सासूबाईंनी पुन्हा पाणी मागितलं. यावेळी शब्द नीट उमटले नाहीत. सुनेनं डोळे मिटले, पेन उचललं, पुन्हा टेकवलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. पण हात हलेना.

"नाही हो जमत, दादा," ती म्हणाली. "काय करू?"

"सहीशिवाय लादी सोडता येत नाही. नियम आहे." बर्फवाला वाकला आणि त्यानं लादीखाली हात घातले.

तेव्हा चादरीतून एक हात बाहेर आला. बोटांना लाल शाई लागली होती.

"आण तो कागद इकडे," मयत म्हणालं. "तू कशाला बारा वर्षांचा नेम मोडतेस, पोरी? मी करतो सही." आणि सासरे उठून बसले. उशीखालून चष्मा काढून त्यांनी तो नाकावर चढवला.

न्हाणीघरातले हुंदके एकदम बंद पडले. सून भिंतीला टेकली. आता लादीही जाणार आणि पोलीसही येणार, असं तिला वाटलं.

बर्फवाल्यानं मयताकडे पाहिलं. आतल्या खोलीकडे पाहिलं. मग त्यानं लादी खांद्यावर घेतली, थेट आत नेली, सासूबाईंच्या उशाशी ठेवली आणि हात पुसत बाहेर आला. सासऱ्यांच्या शेजारी उकिडवा बसून त्यानं कागदाच्या तळाशी बोट ठेवलं.

"इथं करा, आजोबा. आणि जरा वाचता येईल अशी करा. काल मागच्या गल्लीतल्या तिन्ही मयतांच्या सह्या आमच्या साहेबांना लागल्याच नाहीत."