आईचा सौदा

"मोबाइल पडला, भिजला, चोरीला गेला तर? तिन्हींचा विमा घ्या, ताई. आईंना सांगा ना," दुकानदार केतकीला म्हणाला.

आईला ऐकू-बोलता येत नव्हतं. याही दुकानात तिच्या वतीने बाबाच घासाघीस करायचे. बाबा गेले, आता हे आपलंच काम, म्हणून केतकीने खुणांसाठी हात उचलले.

आईने ते हलकेच खाली केले. दुकानदाराचे ओठ तिने केव्हाच वाचले होते. मोबाइल पडल्याचा, भिजल्याचा अभिनय करून तिने मान डोलावली. चोरीचं मात्र उडवून लावलं. पर्समधली दोरी काढून मोबाइल मनगटालाच बांधून दाखवला. वर एक कव्हर फुकट मागून घेतलं.

"यांच्यापेक्षा काका परवडले हो!" दुकानदार हात जोडत हसला.

आईची बोटं भराभर हलली. केतकीने आवाज सांभाळत त्याला सांगितलं, "आई म्हणतेय, त्यांना शिकवलं कोणी?"